कंबरेची सुई आणि आखूड खराटा

रविवारी वंदना झाली की विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही सतरंजी टाकून बसतो. बाया बीपी तपासायला येतात आणि उठता उठता म्हणतात, "ताई, कंबरेचं काहीतरी सांगा." कोणी रस्ता झाडणारी, कोणी चार घरची धुणीभांडी करणारी, कोणी बांधकामावर घमेली वाहणारी. पुरुषांत हमाल जास्त. सिमेंटची एक गोणी ५० किलोची असते.

आतापर्यंत काय केले, असे विचारले की उत्तर ठरलेले. "सुई घेतली, दुसऱ्या दिवशी कामावर गेले." सुईने दुखणे काही तास दबते आणि त्याच कंबरेवर पुन्हा तेच ओझे पडते. मग दुकानातून रोज गोळी. अशा वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने खाल्ल्या तर पोटात अल्सर होतो, किडनी बिघडते. बीपी-शुगरवाल्यांना धोका अधिक. सुई कशाची दिली ते चिठ्ठीवर लिहून मागा, लाजू नका.

साध्या कंबरदुखीत अंथरूण धरू नये. जड काम काही दिवस सोडावे, शेक घ्यावा, चालते-फिरते राहावे. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. पण पायातले बळ गेले, लघवी अडली किंवा नकळत झाली, बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठे सरकारी रुग्णालय गाठा. दुखण्याबरोबर रोज संध्याकाळी ताप येत असेल, वजन घटत असेल तर मणक्याचा टीबी तपासून घ्या.

झाडकाम करणाऱ्या काही बायांनी आखूड खराट्याला छातीपर्यंत येईल असा बांबू बांधून घेतला. वाकणे कमी झाले. ठेकेदाराने हे आधीच द्यायला हवे होते, हा भाग वेगळा. ओझे अंगाशी धरून गुडघ्यात वाकून उचला. वळताना कंबर पिळू नका, पावले वळवा.

आणि घरचे पाणी? १५ लिटरचा हंडा म्हणजे १५ किलो, वर भांड्याचे वजन. कामावरून आलेली आई चार हंडे भरते आणि तरणा पोरगा मोबाईल बघत बसतो, हे आम्ही घरोघरी पाहतो. दादांनो, हंडा तुम्ही उचला.

दोन दिवस खाडा झाला तर चूल अडते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच पगारातून ई.एस.आय. कापला जातो का ते बघा. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा करायचे काम प्रा. अदारकरांकडे दिले गेले. त्यातूनच पुढे १९४८ चा कायदा आला. ठरलेल्या सहा महिन्यांत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली, तर तिथल्या डॉक्टरांच्या दाखल्यावर आजारपणात साधारण ७० टक्के मजुरी मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. हमाल बांधवांनी १९६९ च्या माथाडी कायद्याखाली मंडळात आपली नोंद आहे का ते पाहावे.

पगाराची चिठ्ठी वाचता येत नसेल तर पुढच्या रविवारी घेऊन या. चिठ्ठीच देत नसतील, तरी या.