बाळी, गोंदण आणि नोकरीची मुलाखत

रावेरमध्ये बसून मी हे बोलतो आहे, बाहेर ऊन रणरणतं आहे, त्यामुळे मध्येच पंख्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय मला एका मुलीने दिला. आमच्या गल्लीतली मुलगी, पुण्यात इंजिनिअरिंग झालं, सुट्टीत घरी आली ती केसांना जांभळा रंग लावून आणि नाकाच्या मधल्या पडद्यात रिंग घालून. तिची आजी दारातच म्हणाली, "माय वं, हे काय करी घेतलं डोक्याले?" आजीचा राग दोन दिवसांत गेला. खरी अडचण पुढेच होती. पुढच्या महिन्यात मुलीची नोकरीची मुलाखत होती. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, मी रंग काढून गेले तर मी खोटी ठरते का? आणि तसंच गेले तर मूर्ख ठरते का?"

प्रश्न साधा वाटतो, पण आहे अवघड. आपण जसे आहोत तसं दिसायचं, की समोरच्याला हवं तसं दिसायचं? तत्त्वज्ञान शिकवण्यात माझी उमर गेली, तरी एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. म्हणून थोडं सावकाश पाहू.

कामाच्या कपड्याची तीन कामं

आधी एक फरक करून घेऊ. कामावर घालायच्या कपड्याकडून आपण तीन वेगवेगळ्या अपेक्षा करतो आणि त्यांची सरमिसळ झाली की वाद सुरू होतो.

पहिली अपेक्षा खुद्द कामाची. आमच्याकडे केळीच्या बागेत कटाईला जाणारा माणूस जुना, डाग पडलेला सदराच घालतो. केळीचा चीक एकदा लागला की तो डाग जात नाही. तिथे नवा शर्ट घालून गेलात तर शर्टही गेला आणि लोक हसले ते वेगळंच. यंत्रावर काम करणाऱ्याने सैल ओढणी घेऊ नये, शस्त्रक्रिया करणाऱ्याने हातात अंगठी ठेवू नये, हे याच जातीचे नियम. त्यांच्याशी भांडण करण्यात अर्थ नसतो, कारण ते कोणाच्या मर्जीतून आलेले नाहीत.

दुसरी अपेक्षा ओळखीची. पोलीस कोण, परिचारिका कोण, वकील कोण, हे गर्दीत लगेच कळावं लागतं. ही अपेक्षाही रास्त आहे, पण ती थोडी वाकू शकते. वकिलांचा काळा कोट बघा. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे सर्वोच्च आणि उच्च न्यायालय सोडून बाकीच्या न्यायालयांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. जळगाव-भुसावळचा मे महिना ज्याने काढला आहे, त्याला याचं कारण सांगायला नको.

तिसरी अपेक्षा म्हणजे "बरं दिसत नाही". ही सगळ्यात जोरात बोलली जाते आणि हिच्यामागे कारण सगळ्यात कमी असतं. बरं दिसत नाही म्हणजे कोणाला? कधीपासून? त्याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं की आम्हाला सवय नाही.

आता सवय ही काही अगदी टाकाऊ गोष्ट नाही. दुकानात येणारं गिऱ्हाईक, शाळेत येणारे पालक, बँकेत येणारा शेतकरी, यांचा विश्वास काही अंशी सवयीवर चालतो. पण सवयीला कारणाचा दर्जा द्यायचा नाही, एवढं भान ठेवलं पाहिजे.

आनंदीबाईंनी काय केलं

आपल्याकडे हा पेच पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कोणापुढे आला असेल तर आनंदीबाई जोशींपुढे. 1883 साली त्या अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. 1885 मधलं त्यांचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. म्हणजे परदेशात, व्यवसायाच्या शिक्षणात, त्या साडीतच राहिल्या.

पण इतकं सांगून थांबलं तर गोष्ट अर्धीच राहते. आपल्या नऊवारीत पायाच्या पोटऱ्या उघड्या राहतात, तिथल्या थंडीत ते जमेना. तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. बघा, साडी सोडली नाही, नेसण्याची पद्धत बदलली. कोणती गोष्ट आपली मुळाची आणि कोणती बदलता येण्यासारखी, हे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने ठरवलं. मला तिच्या पदवीइतकाच हा निर्णय मोठा वाटतो.

एकच पगडी, दोन निर्णय

दुसरं उदाहरण गांधींचं. 1893 मध्ये ते दरबानच्या न्यायालयात गेले तेव्हा न्यायाधीशाने त्यांना पगडी उतरवायला सांगितलं. त्यांनी नकार दिला आणि बाहेर पडले. पुढच्याच वर्षी नाताळच्या सर्वोच्च न्यायालयात वकील म्हणून त्यांची नोंद झाली. तिथेही पगडी उतरवायला सांगितलं, आणि या वेळी त्यांनी ती उतरवली. मित्र नाराज झाले. गांधींचं म्हणणं असं की आपली ताकद मोठ्या लढायांसाठी राखून ठेवायची आहे, आणि ज्या न्यायालयात वकिली करायची त्याची रीत पाळायला हरकत नाही.

मग हा माणूस लवचीक होता की ताठ? याच माणसाने 1921 मध्ये मदुराईत पंचा धारण केला आणि 1931 मध्ये लंडनमध्ये राजाला भेटायला तसाच गेला. तिथे मात्र तडजोड नाही. पगडीच्या वेळी कपडा हा लढ्याचा विषय नव्हता. पंचाच्या वेळी कपडा हाच लढा होता. हा फरक ओळखता आला की अर्धं उत्तर मिळतं.

वेगळं म्हणजे नेमकं काय?

इथे एक धोका आहे. "वेगळी फॅशन" म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर फाटकी जीन्स आणि रंगवलेले केस येतात. पण कोणता कपडा बंडाचा आणि कोणता शिस्तीचा, हे कपड्यावर ठरत नाही. तो कोण घालतं आणि त्याला आजवर काय नाकारलं गेलं, त्यावर ठरतं.

महात्मा फुले 1888 मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानाच्या समारंभाला शेतकऱ्याच्या वेषात गेले, ही हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. दागदागिन्यांनी सजलेल्या मंडळींत तो साधा वेष हेच बोलणं होतं: देश असा आहे, या दालनासारखा नाही. याउलट बाबासाहेब आंबेडकर नेहमी सुटाबुटात. कोणाला वाटेल, हा तर प्रस्थापितांचा पोशाख. पण ज्यांनी काय नेसावं, कोणत्या धातूचा दागिना घालावा यावरही बंधनं होती, त्या समाजातला माणूस कडक इस्त्रीचा सूट घालतो तेव्हा तो सूट बंडच असतो. डिसेंबर 1927 मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना सांगितलं की साडी सवर्ण स्त्रियांप्रमाणे नेसा, जातीची खूण सांगणारे जड दागिने सोडा. एकाने साधेपणा निवडला, दुसऱ्याने नेटकेपणा. हेतू दोघांचा एकच होता.

म्हणून आपल्या मुलीला मी विचारलं, "तुझा जांभळा रंग कोणाशी बोलतो आहे?" ती थोडी हसली. म्हणाली, "खरं सांगू? आमच्या ग्रुपमधल्या चौघींनी एकाच दिवशी लावला."

यात लाजण्यासारखं काही नाही. गेऑर्ग झिमेल नावाचा जर्मन विचारवंत होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने फॅशनवर निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: फॅशनमध्ये माणसाच्या दोन भुका एकदम भागतात, इतरांपासून वेगळं दिसण्याची आणि कोणाच्या तरी बरोबर असण्याची. म्हणजे वेगळेपणाचाही गणवेश असतो. 1974-75 च्या सुमारास मी बेलबॉटम घालत होतो, कानाखालपर्यंत कल्ले होते, आणि मला वाटायचं मी फार स्वतंत्र आहे. आमच्या वसतिगृहात प्रत्येकाची पँट तशीच होती! (हशा)

नियम करणारे आणि गोंदणारे

आता नियमांकडे येऊ. डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक काढलं: कार्यालयात जीन्स, टी-शर्ट नको, स्लिपर नको, शुक्रवारी खादी वापरावी. काही महिन्यांतच त्यातली जीन्सवरची बंदी काढली गेली. म्हणजे डिसेंबरात जी जीन्स अशोभनीय होती ती उन्हाळ्यापर्यंत शोभायला लागली. मार्च 2024 मध्ये शिक्षकांसाठी पोशाखाच्या सूचना आल्या, त्यांत जीन्स आणि टी-शर्ट पुन्हा नको. मी या सूचनांची टिंगल करत नाही. शिक्षकाने नीटनेटकं असावं, हे मलाही पटतं. पण "शोभणं" ही किती लवकर बदलणारी गोष्ट आहे, हे यातून दिसतं.

आणि गोंदण? इथून वर सातपुड्यात पालच्या बाजूला जा. तडवी, पावरा, भिल्ल समाजातल्या म्हाताऱ्या बायकांच्या कपाळावर, हातांवर गोंदण दिसेल. माझ्या आईच्या हातावरही होतं. तेव्हा ज्या बाईच्या अंगावर गोंदण नाही तिलाच लोक नावं ठेवत. आज नातवाने मनगटावर टॅटू काढला की तीच म्हातारी विचारते, नोकरी कशी लागेल? तिची काळजी अगदी खोटीही नाही. सैन्यभरतीत अंगावर गोंदण कुठे चालेल याला मर्यादा आहेत, आदिवासी उमेदवारांच्या परंपरागत गोंदणाला मात्र सूट आहे. म्हणजे नियम करणाऱ्यालाही मान्य आहे की खूण तीच असली तरी तिच्यामागचा अर्थ वेगळा असू शकतो.

माझी चूक

आता एक गोष्ट सांगतो, जी मी सहसा सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात अध्यापक निवडीच्या समितीवर मी होतो. एक तरुण आला. केस मानेपर्यंत, एका कानात बाळी. विषयाची तयारी उत्तम. कांटवरच्या प्रश्नाला त्याने जे उत्तर दिलं ते त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं उत्तर होतं. आणि मी त्याला कमी गुण दिले. कागदावर लिहिलं, "वर्गावर नियंत्रण ठेवू शकेल असे वाटत नाही." ते खोटं होतं. मला त्याची बाळी खटकली होती, आणि हे मला लिहायची लाज वाटली म्हणून मी दुसरं कारण लिहिलं.

त्याच संध्याकाळी घरी आलो. दिवाणखान्यात एका पेशवेकालीन सरदाराचं चित्र लावलेलं होतं, मीच हौसेने आणलेलं. त्याच्या कानाच्या वरच्या पाळीत मोत्यांची भिकबाळी. ती मला रुबाबदार वाटत होती! मी बराच वेळ त्या चित्रापुढे उभा राहिलो. पण गुणपत्रिका दिलेली होती. तो तरुण पुढे कुठे गेला, मला माहीत नाही. कुठे तरी शिकवत असेल तर बरं.

म्हणून मी म्हणतो, तोल सांभाळण्याची जबाबदारी फक्त तरुणांवर टाकू नका. खुर्चीवर बसलेल्यानेही स्वतःला विचारावं: मला जे खटकतं आहे त्याचा कामाशी संबंध आहे का? असेल तर तो नियम आधी सांगा, लेखी सांगा. नसेल तर ते कारण दुसऱ्या नावाने लिहू नका.

मग करायचं काय?

तरुणांसाठी माझ्याकडे चार साधे प्रश्न आहेत.

एक. समोरची अपेक्षा कामाची आहे, ओळखीची आहे की नुसत्या सवयीची? पहिली पाळा, दुसरीत वाट शोधा, तिसरीला वेळ द्या.

दोन. मी जे बदलणार आहे ते परत करता येतं का? केस परत वाढतात, रिंग काढता येते. चेहऱ्यावरचं गोंदण सहज जात नाही. परत न फिरणारे निर्णय सावकाश घ्या.

तीन. ही माझी पगडी आहे की माझा पंचा? म्हणजे ही सोडली तर मी फक्त एक रीत पाळतो, की माझं काही मुळातलं सोडतो? कोणाची श्रद्धा, कोणाची जमात, कोणाचं स्त्री-पुरुष असणंच एखाद्या कपड्यात असू शकतं. तिथे बाहेरच्याने "एवढंसं तर आहे" म्हणू नये.

चार. माझ्या कामाची पत तयार झाली आहे का? हे न्यायाचं नाही, पण खरं आहे: ज्याचं काम लोकांनी पाहिलं आहे त्याचं वेगळेपण लोक लवकर स्वीकारतात. पहिल्या दिवशी जी रिंग खटकते ती वर्षाने कोणाला दिसतही नाही.

आणि खोटेपणाचं काय? मुलीचा मूळ प्रश्न तोच होता. मला वाटतं, देवळात चप्पल काढून जाणारा माणूस खोटा नसतो. तो जागा ओळखतो, इतकंच. खोटेपणा तेव्हा सुरू होतो जेव्हा आपण आत एक मानतो आणि बाहेर त्याचीच निंदा करतो. मुलाखतीला रिंग काढून जाणं ही रीत झाली. नोकरी लागल्यावर दुसऱ्या कोणाच्या रिंगेला नाक मुरडणं, तो खोटेपणा. तो मी केलेला आहे, म्हणून सांगतो.

त्या मुलीने शेवटी काय केलं? रिंग काढली, रंग ठेवला. केस नीट बांधले, आईचा सुती कुर्ता घातला आणि गेली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी रंगाबद्दल एक शब्द विचारला नाही, सगळे प्रश्न कामाचेच विचारले, असं तिने फोनवर सांगितलं. निकाल अजून यायचा आहे. आजी रोज विचारते आहे, आणि मीही.

आजचं इथे थांबतो. तुमच्यापैकी जे कोणाची निवड करायच्या खुर्चीवर बसत असतील, त्यांनी आपला अनुभव जरूर कळवावा. पुढच्या वेळी त्यावरच बोलू.