सौम्योक्ती : इंग्रजीतील आणि आपल्या बोलण्यातील

अप्रिय अर्थ सुसह्य शब्दांनी झाकून सांगण्याची रीत सर्व भाषांत आहे. तिला आम्ही येथे सौम्योक्ती म्हणतो. इंग्रजी शिकविणाऱ्यास ती पदोपदी भेटते, आणि शब्दशः भाषांतर तेथे हमखास फसते. मृताच्या नावापूर्वी ‘लेट’ वाचून विद्यार्थ्याने ‘उशिरा आलेले’ असा अर्थ केला, तर त्यात त्याचा दोष थोडा. ‘आता आतापर्यंत होते ते’ असा त्या शब्दाचा भाव असून आपल्याकडील ‘कै.’चे काम तो करतो, हे त्यास कोणी सांगितलेलेच नसते.

वामनाने, आणि पुढे मम्मटाने, अश्लीलतेचे तीन प्रकार सांगितले आहेत : लज्जा उत्पन्न करणारी, किळस आणणारी आणि अमंगल सुचविणारी. ही वर्गवारी काव्यदोषांची असली तरी सौम्योक्तीलाही चपखल लागू पडते. मराठी मनाला सर्वांत अधिक धाक अमंगलाचा. दुकान आपण बंद करीत नाही, वाढवितो, नारळही वाढवितो, बांगडी फुटली तरी ती ‘वाढली’. निरोप घेणारा ‘जातो’ म्हणाला, की घरातील वडीलधारे ‘येतो म्हणावे’ असे सांगून त्यास उंबऱ्याशीच अडवितात. संपण्याला वाढणे म्हणण्याची ही युक्ती इंग्रजीच्या वळणाची नव्हे. तेथे जाणारा खुशाल ‘जातो’ म्हणतो, आणि दुकानाच्या दारावरील ‘क्लोज्ड’ ही पाटी कोणास खुपत नाही. मृत्यूपुरता मात्र तो समाजही ‘पास्ड अवे’ म्हणून सावधपणे बोलतो.

इंग्रजीचा मोठा संकोच देहधर्मांचा. अमेरिकेत शौचालयास ‘रेस्टरूम’ म्हणतात. विश्रांतीसाठी तेथे कोणी जात नाही. ‘टॉयलेट’ हा मूळ फ्रेंच शब्द लहान वस्त्राचा. वस्त्रावरून तो साजशृंगाराकडे गेला आणि शेवटी त्या खोलीत जाऊन बसला. आपल्या ‘शौच’ शब्दाची गत निराळी नाही. शुचितेचा, शुद्धीचा हा शब्द. आज त्याचा अर्थ काय झाला आहे, हे सांगावयास नको. पांघरूण ज्यावर घालावे त्याचाच वास त्यास लागतो, आणि मग नवे शोधावे लागते. (नोकरीवरून काढण्यास इंग्रजीत ‘लेट गो’, म्हणजे जाऊ देणे, म्हणतात. आपण नारळ देतो. आमच्या मते नारळ अधिक सभ्य.)

किरनापूरच्या आमच्या परिसरात मराठी, हिंदी आणि पोवारी शेजारी शेजारी नांदतात, आणि येथे नवे पांघरूण इंग्रजीचे आहे. माणूस ‘ऑफ’ होतो किंवा ‘एक्सपायर’ होतो. इंग्रजी बोलणाऱ्यांकडे ‘ऑफ’ होतो तो दिवा, नाही तर नासलेले दूध. ‘एक्सपायर’चा प्राण सोडणे हा जुना अर्थ खरा, पण आज त्या शब्दाने प्रथम आठवते ती परवान्याची वा औषधाची संपलेली मुदत. परका शब्द बोचत नाही, एवढेच त्याचे सौम्यत्व. इंग्रजीतील सांत्वनपत्रात मात्र तो खचित बोचेल.

स्त्रियांच्या मासिक धर्माविषयी ‘कावळा शिवला’, ‘बाहेर बसली’, ‘अडचण आहे’ असे म्हणत आलो. आता ‘प्रॉब्लेम आहे’. पोट दुखणारी मुलगी एवढेच बोलली तर बाईंना उमगते, गुरुजींना उमगत नाही, आणि डॉक्टरांना चार प्रश्न अधिक विचारावे लागतात; त्यांची उत्तरे देण्यास तिच्याजवळ शब्द नसतात. ‘पाळी’ आणि ‘पीरियड’ हेही मुळात सौम्यच : एक क्रम, दुसरा कालावधी. परंतु त्यांनी अर्थ नेमका कळतो. हे दोन्ही शब्द शिक्षकांनी वर्गात उच्चारावेत, फळ्यावर लिहावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. शाळेच्या तासासही ‘पीरियड’च म्हणतात, त्यामुळे पहिल्या दिवशी हशा होईल. तो होऊ द्यावा, आणि दोन्ही अर्थ त्याच दिवशी सांगून टाकावेत.