पारुळकरांनी फोडलेली भिंत

तोडीच्या चिठ्ठ्या, ठिबक अन् उसाचा हप्ता हे आपले नेहमीचे विषय. यावेळी जरा वेगळी हकीकत. १० ऑगस्ट २०२५ रोजी ग्रुप कॅप्टन दिलीप पारुळकर वारले. आपल्या वऱ्हाडात पोरांना क्रिकेटपटूंची नावे तोंडपाठ, हे नाव मात्र कित्येकांना ठाऊक नाही.

१९६५ च्या युद्धात खालून आलेल्या गोळीने त्यांचा खांदा जखमी झाला. विमान सोडून उडी टाका, असे सांगितले असताही गड्याने विमान तळावर परत आणले. त्याबद्दल वायुसेना पदक मिळाले.

१० डिसेंबर १९७१ ला मात्र त्यांचे सुखोई पाडले गेले आणि ते रावळपिंडीच्या बंदीछावणीत पोचले. सुटका कधी होणार, कोणीच सांगेना. मग मिळेल त्या हत्याराने भिंतीच्या विटा मोकळ्या करणे सुरू झाले. दिवसा पहारेकऱ्यांशी गप्पा, रात्री खोदकाम! १२ ऑगस्ट १९७२ च्या मध्यरात्री, ऐन वादळी पावसात, पारुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी असे तिघे बाहेर पडले. बसने पेशावर, पुढे जमरूद, लंडी कोतल. अफगाण सरहद्द आता जेमतेम चार मैल.

घात केला तो नकाशाने. त्यांच्याजवळच्या जुन्या नकाशात लंडी खाना हे रेल्वे स्टेशन होते, ते तर १९३२ सालीच बंद झालेले. त्याची वाट विचारताच तहसीलच्या कारकुनाला संशय आला. हे पळून चाललेले बंगाली असावेत, असे लोकांना वाटले. त्या मुलखात तेव्हा जीव जायला वेळ लागत नव्हता. पारुळकरांनी डोके शांत ठेवून पाकिस्तानी वायुसेनेतल्या उस्मान हमीद या अधिकाऱ्याला फोन लावायला लावला. हे पूर्वी छावणीचे प्रमुख होते, माणूस भला. त्यांच्या शब्दावर तिघे वाचले. शत्रूकडच्या माणसाचा हा चांगुलपणाही सांगितला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

पुन्हा तुरुंग, यावेळी लायलपूरचा. १ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून सारे मायदेशी आले. या धाडसासाठी पारुळकरांना विशिष्ट सेवा पदक मिळाले.

सगळेच मात्र आले नाहीत. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे ५ डिसेंबर १९७१ ला मोहिमेवर गेले ते बेपत्ताच. त्यांच्या पत्नी दमयंतीताई, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. त्यांनी पुढे अनेक वर्षे सरकारदरबारी पतीचा शोध चालू ठेवला.