पांडुरोगनिदान आणि सुवाह्य हिमोग्लोबिनमापक : आकड्यावर किती विसंबावे?

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सोळावा अध्याय पांडुरोगास वाहिलेला आहे. त्वचा, नख व नेत्र यांच्या वर्णावरून हा व्याधी ओळखण्याची परंपरा आपणांस लाभली आहे. आता दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेच्या जोडीला, बोटातील थेंबभर रक्तावरून मिनिटाभरात हिमोग्लोबिन सांगणारे यंत्र ग्रामीण चिकित्सालयांत व आरोग्य शिबिरांत सर्रास दिसते. आमच्या वरवंड-पाटस परिसरात ऊसतोडीच्या हंगामात फडावरील मजूर स्त्रियांची तपासणी करावयाची झाल्यास हेच यंत्र उपयोगी पडते. म्हणूनच त्याच्या आकड्यावर किती विसंबावे, याचा विचार येथे आम्ही करीत आहोत.

यंत्राचे कार्य

पदवी अभ्यासक्रमात आपण साहलीची नळी हाताळली. तीत आम्लाने तपकिरी झालेल्या रक्ताचा रंग डोळ्यांनी जुळवावा लागतो. सारा भार पाहणाऱ्याच्या दृष्टीवर. प्रमाणभूत मानली जाते ती सायनमेथहिमोग्लोबिन पद्धती. तीत ड्रॅबकिनच्या द्रावणात रक्त मिसळून ५४० नॅनोमीटर तरंगलांबीवर प्रकाशाचे शोषण मोजतात. हिमोक्यू २०१ सारख्या सुवाह्य यंत्रात सुमारे १० मायक्रोलिटर रक्त छोट्या कुव्हेटमध्ये ओढले जाते. आतील शुष्क रसायने रक्तकण फोडतात आणि ५७० व ८८० नॅनोमीटरवर मापन होते. दुसरी तरंगलांबी रक्तातील गढूळपणाची वजावट करण्यासाठी असते. पट्टीवर थेंब ठेवून वापरावयाची यंत्रेही मिळतात. तात्पर्य, यंत्रामागील तत्त्व शास्त्रशुद्ध आहे. अडचण बहुधा थेंबात असते.

आकडा चुकतो कोठे?

बोट दाबून काढलेल्या रक्तात ऊतींतील द्रव मिसळतो व आकडा घसरतो. कुव्हेटमध्ये हवेचा बुडबुडा राहिला, अथवा डबीचे झाकण उघडे राहून आतील रसायनांस दमट हवा लागली, तरी मापन बिघडते. याहून महत्त्वाचे म्हणजे एकाच बोटाचे लागोपाठचे थेंबही सारखे नसतात. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखविले की, बोटाच्या थेंबाथेंबांतील तफावत शिरेतील रक्ताच्या थेंबांहून बरीच अधिक असते, आणि शिरेच्या रक्ताइतकी स्थिरता येण्यास सहा ते नऊ थेंबांची सरासरी लागते. आपण तर एकाच थेंबावर निर्णय घेतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटाच्या रक्तावर हिमोक्यूने तपासणी होत असे. त्यानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांतील रक्ताल्पतेचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८.० टक्के, तर २०१९-२१ मध्ये ५४.२ टक्के आढळले. शिरेतील रक्त प्रयोगशाळेत तपासणाऱ्या २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मात्र देशातील १ ते ४ वर्षांच्या बालकांत हे प्रमाण ४०.५ टक्के निघाले. २०१५-१६ च्या सर्वेक्षणात ६ ते ५९ महिन्यांच्या बालकांत ते ५८.६ टक्के होते. वयोगट तंतोतंत एक नाहीत, हे खरे. तथापि अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही. पुढे सहाव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून ही तपासणी वगळण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२४ च्या मार्गदर्शिकेत शिरेतील रक्त व स्वयंचलित विश्लेषक यांसच पसंती दिली आहे.

चिकित्सेवरील परिणाम

समजा, अर्ध्या ग्रॅमची चूक झाली. पहिल्या तिमाहीतील गर्भिणीचे खरे हिमोग्लोबिन १०.७ असता यंत्र ११.२ दाखवील, आणि ती औषधाविना घरी जाईल. उलटपक्षी, पुनर्नवा मंडूर अथवा नवायस लोह महिनाभर दिल्यावर आकडा ९.४ वरून ९.९ झाला, तर ती वाढ औषधाची की थेंबाची, हे एका मापनावरून सांगता येत नाही. अशा आकड्यांवर उभारलेले रुग्णानुभव प्रसिद्ध झाले, तर परीक्षकांपुढे आपल्या औषधांचीच बाजू लंगडी पडते. यास्तव वैद्यबंधू-भगिनींनी पुढील पथ्ये पाळावीत :

१. बोट कोमट करून बाजूस टोचावे, स्पिरिट पूर्ण वाळू द्यावे. पहिले दोन-तीन थेंब कोरड्या कापसाने पुसून पुढचा थेंब घ्यावा. बोट पिळू नये.

२. कुव्हेट अथवा पट्ट्यांची मुदत पाहावी. डबी लगेच बंद करावी.

३. निदानमर्यादेच्या आगेमागे एक ग्रॅमच्या आत आकडा आल्यास शिरेतील रक्ताची तपासणी प्रयोगशाळेतून करून घ्यावी.

४. चिकित्सेपूर्वीचे व नंतरचे मापन एकाच पद्धतीने, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावे.

५. गर्भिणीचा आकडा सातच्या खाली असल्यास, किंवा श्वास, हृद्द्रव, शोथ ही लक्षणे असल्यास पुनर्तपासणीसाठी न थांबता तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. आकडा अचूक असला तरी तो हेतू सांगत नाही. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासात निम्म्याहून अधिक गर्भिणींत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली होती. अशा रुग्णेस केवळ लोहकल्प पुरे पडणार नाहीत. आपल्या आचार्यांनी पांडूचे पाच प्रकार सांगितले आणि मृद्भक्षणजन्य प्रकार स्वतंत्र गणला, तो हेतूला महत्त्व देण्यासाठीच. यंत्राचा उपयोग संशयित रुग्ण निवडण्यासाठी अवश्य करावा. निदानाचा निर्णय मात्र वैद्याने रुग्णपरीक्षण व प्रयोगशाळा यांच्या आधारे करावा.