डी ड्राइव्हचं नाव कुठे लिहिलेलं असतं?

दिवाळी अंकाची पानं छापखान्यात जायला दोन दिवस उरले होते आणि आमच्या अक्षरजुळणी करणाऱ्या स्नेह्यांच्या कम्प्युटरने मान टाकली. दुरुस्तीवाल्या मुलाने फॉरमॅट मारला, विंडोज नव्याने टाकली आणि "काका, तुमच्या डेटाला हातसुद्धा लावलेला नाही," असं सांगून तो गेला. ते खरंही होतं. पण काकांनी इनडिझाइनमध्ये अंकाची फाइल उघडली, तर लिंक्सच्या यादीत झाडून सगळ्या फोटोंसमोर लाल गोल आणि त्यात प्रश्नचिन्ह! मला फोन आला, "अहो, फोटो गेले सगळे."

फोटो जागच्या जागी होते. काकांकडे विंडोज सी ड्राइव्हवर, मजकूर डीवर आणि फोटो ईवर, म्हणजे मजकुराला आणि फोटोंना वेगवेगळ्या हार्ड डिस्क. नवी विंडोज आली आणि डी झाला ई, ई झाला डी. इनडिझाइन बिचारं आज्ञाधारक. त्याला सांगितलेलं, फोटो ईवर आहेत. ते ईवर गेलं, तिथे लेख आणि कवितांच्या फाइली भेटल्या, हात हलवत परत आलं.

हे अक्षर डिस्कवरच कुठेतरी कोरलेलं असतं, असं मीही कित्येक वर्षं समजत होतो. तसं नाही. डिस्कला स्वतःचं अक्षर ठाऊकच नसतं! अक्षर असतं ते विंडोजच्या वहीत. रजिस्ट्री नावाच्या तिच्या भल्यामोठ्या दप्तरात 'माउंटेड डिव्हायसेस' असं एक पान आहे, आणि डिस्कच्या कोणत्या भागाला कोणतं अक्षर हे तिथे टिपलेलं असतं. विंडोज नव्याने टाकली की वही कोरी. नवी विंडोज ज्या क्रमाने डिस्क समोर येतील त्या क्रमाने मोकळी अक्षरं वाटत सुटते. जुना मानपान तिला माहीत नसतो.

मग रोज कम्प्युटर सुरू केल्यावर ती तीच डिस्क ओळखते कशी? काकांसमोर मी ते पान उघडलं. (पाहायला हरकत नाही, तिथे हाताने खाडाखोड मात्र करू नये.) डीसमोर फक्त बारा बाइट. पहिले चार म्हणजे डिस्कची सही. जुन्या पद्धतीने आखलेल्या डिस्कच्या अगदी पहिल्या, 512 बाइटांच्या कप्प्यात 440 बाइट सोडून ही सही ठेवलेली असते. उरलेले आठ बाइट सांगतात, डिस्कच्या आरंभापासून किती अंतरावर हा भाग सुरू होतो. काकांच्या डिस्कचे ते आठ असे दिसत होते: 00 00 10 00 00 00 00 00. हे वाचायचे उजवीकडून डावीकडे. आपल्या जुन्या शिलालेखांत शकवर्ष शब्दांत गुंफतात तेव्हा एकं आधी येतं आणि अंक डावीकडे सरकत जातात, तसंच. इंटेलच्या चिपलाही हीच चाल आवडते! उलटं वाचलं की सोळाच्या पटीतला तो आकडा होतो 10,48,576, म्हणजे नेमका एक एमबी. ईसमोरचे आठही हुबेहूब तेच. फरक होता तो फक्त सहीच्या चार बाइटांत. तेवढ्या चार बाइटांवर काकांचा अख्खा दिवाळी अंक लटकलेला होता.

नव्या, जीपीटी पद्धतीच्या डिस्कवर प्रत्येक भागाला 16 बाइटांचा ओळखक्रमांक असतो आणि वहीत तोच उतरवला जातो. अक्षर तिथेही डिस्कवर नसतं.

पण मुळात सुरुवात सीपासून का? 1981 साली आलेल्या आयबीएम पीसीला फ्लॉपीचे दोन खण असत, ए आणि बी. अक्षरांची ही रीत डॉसने गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एमकडून घेतलेली. 1983 च्या पीसी एक्सटीत 10 एमबीची हार्ड डिस्क आली आणि तिला पुढचं अक्षर मिळालं, सी. फ्लॉपीचा एकच खण असला तरी डॉस ए आणि बी दोन्ही नावं चालवायचं. बीची पाळी आली की "आता दुसरी फ्लॉपी घाला" म्हणून सांगायचं. एकाच नटाने दोन भूमिका कराव्यात तसं. फ्लॉपी गेली, ए-बीच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, आणि सी आजही तिसऱ्याच खुर्चीत बसलेला आहे.

आता दुरुस्ती. काकांनी वैतागून एकेक फोटो पुन्हा जोडायला घेतला होता, तो आधी थांबवला. इनडिझाइन हरवलेल्या फोटोचा जुना पत्ता दाखवतं, त्यामुळे कोणती डिस्क पूर्वी ई होती हे कळलंच. स्टार्टवर उजवी क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडलं. तिथे त्या भागावर उजवी क्लिक केली की अक्षर बदलण्याचा पर्याय येतो. अडचण एकच: डीला ई म्हणावं तर ई आधीच व्यापलेला. दोन वाट्यांतली आमटी आणि ताक अदलाबदल करायचं तर तिसरी रिकामी वाटी लागते. म्हणून डीला आधी टी केलं, ईला डी, मग टीला ई. डेटाचा एक बाइटही हलला नाही. विंडोज घाबरवते, की या अक्षरावर अवलंबून असलेले काही प्रोग्रॅम चालणार नाहीत. इथे तर ते चालावेत म्हणूनच खटाटोप होता. ज्या सीवरून विंडोज चालू आहे, त्याच्या वाटेला मात्र जायचं नाही. दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर सी भलत्याच अक्षराने दिसला तरी घाबरू नका. ती वेगळी, तात्पुरती विंडोज असते आणि तिची वहीही वेगळी.

इनडिझाइन पुन्हा उघडलं. लाल गोल एकही नाही. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा हेच?"

अक्षराचं तसंच होईल. पण डिस्कला आपण देतो ते नाव, म्हणजे लेबल, डिस्कवरच लिहिलं जातं आणि विंडोज बदलली तरी टिकतं. एनटीएफएसवर त्याला 32 अक्षरांपर्यंत जागा असते, आणि देवनागरीही चालते. काकांनी तिथल्या तिथे एका डिस्कला 'मजकूर' आणि दुसरीला 'फोटो' असं नाव दिलं.