आधी कातडं, मग हत्यारं

चामड्याच्या वस्तू घरी करून पाहायच्या ठरलं की बहुतेक जण पहिल्यांदा हत्यारांचा मोठा संच मागवतात. माझं सांगणं उलट आहे: पहिले पैसे कातड्यावर घाला. कातडं हलकं निघालं तर उत्तम हत्यारांनी केलेलं पाकीटही लवकर ढिलं पडतं, कडा उलतात. कातडं चांगलं असेल तर चार साध्या हत्यारांत काम निभतं.

कच्चं कातडं कुजतं, म्हणून ते कमवावं लागतं. कमावण्याच्या दोन मुख्य रीती. जुनी रीत झाडांच्या सालींची आणि फळांची: बाभूळ, हिरडा, दक्षिणेत तरवड. त्यांतला तुरट अर्क कातड्याच्या तंतूंना घट्ट धरतो, पण आतपर्यंत मुरायला कित्येक आठवडे घेतो. जुन्या गावठी पद्धतीत कातडं पिशवीसारखं शिवून टांगत आणि आत अर्क भरत. तो हळूहळू पाझरत राही. दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली आणि आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. क्रोमचं कातडं मऊ असतं, पाण्याला टिकतं, जॅकेटांना उत्तम. शिकणाऱ्याने मात्र सालीत कमावलेलंच घ्यावं. ते ओलं करून वळवलं की वळण धरतं, ठसा मारला की उठून दिसतो, कडा घासली की चकाकते. क्रोमची कडा कितीही घासली तरी तशी बसत नाही, तिला रंगाचा लेप द्यावा लागतो. दुकानात कापलेली कड निरखून पाहा. सालीच्या कातड्याची आतपर्यंत तपकिरी असते. क्रोमच्या कातड्यात मध्ये पुष्कळदा निळसर-करडी रेघ दिसते.

जनावराच्या कोणत्या भागाचा तुकडा आहे, हेही विचारावं. पाठीचं कातडं दाट, पोटाकडचं सैल आणि ताणलं जाणारं. पट्टा पाठीच्या कण्याला समांतर कापतात, तो याचसाठी. पाकिटाला सव्वा ते दीड मिलिमीटर जाडी पुरते, पट्ट्याला तीन ते चार लागते. सुरुवातीला अख्खं कातडं घेऊ नये. मुंबईत धारावीच्या चामड्याच्या बाजारात कापून उरलेले तुकडे मिळतात का, ते विचारावं. हात बसवायला ते पुष्कळ झाले.

हे सगळं ज्ञान छंद म्हणून जन्मलेलं नाही. महाराष्ट्रात कातडं कमावण्याचं काम ढोर समाजाने आणि वस्तू घडवण्याचं काम चर्मकार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केलं. विहिरींवरच्या मोटा, पायांतल्या वहाणा, पाण्याच्या पखाली त्यांच्या हातच्या. आणि ज्या गावांनी त्या वापरल्या, त्याच गावांनी त्यांना अस्पृश्य मानलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. जुन्या घडणीच्या कोल्हापुरीत खिळा नसतो. तळ शिवतात तोही कातड्याच्याच वादीने. कोपऱ्यावर बसणाऱ्या कारागिराकडून आरी कशी धरायची, रापीने कड कशी पातळ करायची हे शिकायचं असेल, तर त्याच्या वेळेचे पैसे आधी ठरवून द्यावेत. गप्पांच्या ओघात फुकट शिकून घेणं मला अन्यायाचं वाटतं.

हत्यारं थोडीच: धारदार कटर, लोखंडी पट्टी, आरी, एकसारख्या अंतरावर भोकं पाडणारा दाते असलेला पंच, लाकडी मोगरी, बोथट टोकाच्या दोन सुया आणि मेण लावलेला दोरा.

हातशिवणीचं सारं बळ त्या दोन सुयांत आहे. एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुई ओवायची आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून न्यायच्या. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक झिजून तुटला की शिवण उसवत जाते. हातशिवणीत एक टाका तुटला तरी त्याच भोकांतून गेलेला दुसरा धागा तिथे धरून असतो. खोगिरं आणि घोड्यांचं सामान अशाच टाक्याने शिवत आले, कारण तिथे शिवण सुटली तर स्वार पडतो.

पहिली वस्तू कार्डं ठेवायचं पाकीट. कार्ड साधारण ८५.६ बाय ५४ मिलिमीटरचं असतं, म्हणून १० बाय साडेसहा सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा. एकाच्या वरच्या लांब कडेला दहा रुपयांचं नाणं अर्धं ठेवून गोलाई आखा आणि कापा. अंगठा तिथून कार्ड सरकवेल. तोंडाच्या कडा आधीच घासून घ्या, शिवल्यावर हात पोचत नाही. उरलेल्या तीन कडांना आतून सोल्युशन लावून तुकडे चिकटवा. कडेपासून चार मिलिमीटर आत रेघ ओढून तिच्यावर भोकं पाडा. शिवण तेवीस सेंटिमीटरच्या आसपास येते. दोरा तिच्या चौपट, म्हणजे जवळपास मीटरभर घ्यावा. शेवटी दोन-तीन टाके मागे घालून दोरा कापा. कडांना बारीक पॉलिश पेपर लावा, पाण्याचं बोट फिरवा आणि गुळगुळीत लाकडाने चमक येईपर्यंत घासा.

त्यानंतर पट्टा. माप कमरेचं घेऊ नका, रोजच्या वापरातल्या पट्ट्याचं घ्या: बक्कलापाशी पट्टा जिथे दुमडतो तिथपासून नेहमी लावता त्या भोकापर्यंत. ते भोक मधलं धरून दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंटिमीटरवर दोन-दोन भोकं पाडा.