स्मृतीची मोजदाद आणि कुलपामुळे होणारा खोळंबा : लिनक्स कार्यप्रणालीतील एक उदाहरण

'वाचक-लेखक समस्या' शिकविताना वाचक हा निरुपद्रवी घटक आहे, असा समज विद्यार्थ्यांच्या मनात सहज रुजतो. लिनक्समधील स्मृतीच्या मोजदादीच्या आधारे हा समज तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसची स्मृती अनेक विभागांत मांडलेली असते. या विभागांच्या यादीचे रक्षण 'एमएमॅप लॉक' हे कुलूप करते. वाचक ते एकाच वेळी अनेक जण घेऊ शकतात. यादीत बदल करणाऱ्या लेखकास मात्र ते एकट्यासाठीच घ्यावे लागते. चार प्रोसेसमध्ये सामाईक असलेले ४ किलोबाइटचे पान प्रत्येकीच्या खाती १ किलोबाइट मांडावयाचे, तर पानागणिक छाननी अपरिहार्य ठरते. २०१७ साली ४.१४ या आवृत्तीत आलेल्या 'स्मॅप्स रोलअप' या फाइलने सर्व विभागांची एकत्रित बेरीज देऊन वाचन वेगवान केले. परंतु संपूर्ण मोजणी होईपर्यंत कुलूप अडकून राहू लागले.

खरी अडचण याच्या पुढची आहे. लेखकाची उपासमार होऊ नये म्हणून, तो रांगेत उभा राहिला की नवे वाचकही त्याच्या मागे थांबविले जातात. परिणामी, मोजणाऱ्या वाचकामुळे लेखक थांबतो आणि लेखकामुळे 'पेज फॉल्ट' हाताळू पाहणारे साधे वाचकही खोळंबतात. ग्रंथालयातील वार्षिक मोजदादीच्या काळात देवघेव बंद असते, तसाच हा प्रकार होय. फरक इतकाच, की येथे मोजदाद दर काही सेकंदांनीही होऊ शकते!

२०२० साली ५.१० या आवृत्तीत यावर साधा उपाय योजण्यात आला. एक विभाग मोजून झाला, की कोणी कुलपासाठी ताटकळत आहे काय, हे पाहावयाचे. असल्यास कुलूप सोडून ते पुन्हा घ्यावयाचे. मधल्या काळात विभाग नाहीसा झालेला किंवा शेजारच्या विभागात विलीन झालेला असू शकतो. म्हणून मोजणी जेथे थांबली तो पत्ता लक्षात ठेवून त्यापुढील भागच मोजला जातो व दुबार नोंद टळते.

अर्थात, मिळणारी बेरीज आता एकाच क्षणाची राहत नाही. देखरेखीच्या कामी ही तडजोड प्रस्तुत लेखकास रास्त वाटते; काटेकोर आकड्यासाठी चालू प्रोग्रॅम थांबविणे परवडणारे नाही. २०२३ मध्ये ६.४ या आवृत्तीत प्रत्येक विभागास स्वतंत्र कुलूप मिळाले आणि बरेचसे पेज फॉल्ट मोठ्या कुलपाविना हाताळले जाऊ लागले. रोलअपची मोजणी मात्र त्या आवृत्तीतही जुन्याच कुलपाखाली, थांबत थांबत, होत होती.